लोकवारसा केंद्र काढायचंय तर आधी गावाचं देणं फेडा: खान्देशातल्या एका सरांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे सर नंदुरबारकडच्या एका कॉलेजात मराठी शिकवतात, कॉलेजने त्यांच्यावर लोकवारसा केंद्राचा प्रस्ताव लिहायचं काम टाकलंय, आणि त्यांना विचारायचंय की विद्यापीठाने नि कॉलेजने स्थानिक परंपरेसाठी दरवर्षीच्या महोत्सवापलीकडे नेमकं काय करायचं, म्युझियम करायचं की कोर्स काढायचा की रेकॉर्डिंग करायचं, आणि पैसे कमी असतील तर सुरुवात कुठून करायची. मी पंचवीसेक वर्षं खान्देशात लोकगीतं रेकॉर्ड करत, शिकवत, सांभाळत आलोय, म्हणून जरा सविस्तरच लिहितो.

सर, पहिला खर्च इमारतीवर करू नका, काचेच्या कपाटावर तर नकोच. ज्यांच्याकडून गाणं, गोष्ट, नाच, वस्तू घेणार आहात त्यांना परत काय नि कसं देणार हे आधी कागदावर लिहा आणि पहिले पैसे त्याच्यासाठीच बाजूला काढा. आपल्याकडे विद्यापीठ आणि गाव यांचं नातं एकाच बाजूने चालत आलंय. गावाने दिलं, आपण घेतलं, पीएचडी झाली, प्रमोशन झालं, गावाकडे परत काहीच गेलं नाही. हे फिरवलं की बाकीचे प्रश्न निम्मे सुटतात.

यासाठी बाहेरचं उदाहरण शोधायची गरज नाही, आपल्याच भागात आठशे वर्षांपूर्वीचं पडलंय. चाळीसगावजवळच्या पाटण्याचा शिलालेख बघा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, जो सिंघण यादवाच्या दरबारी ज्योतिषी होता, त्याने आजोबांचे सिद्धान्तशिरोमणी वगैरे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि इ.स. १२०७ मध्ये निकुंभ घराण्यातल्या सोइदेव-हेमाडीदेव या भावांनी त्याला दान दिलं. लेखाचा वरचा भाग संस्कृत आहे, पण मठाला कुठून काय मिळणार हा हिशोबाचा भाग मराठीत कोरलाय, कारण तो बाजारातल्या माणसाला कळायला हवा होता. पाटणच्या पेठेत जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळणारा कर मठाला द्यायचा, आणि जितके घाणे चालतात तितक्यांकडून पळी पळी तेल घ्यायचं. म्हणजे गणित-ज्योतिषाचं उच्च शिक्षण देणारी संस्था तेल्याच्या घाण्यावर नि बाजारातल्या गिऱ्हाइकावर चालली होती आणि ते देणं लोकांच्या भाषेत सगळ्यांसमोर दगडात लिहून ठेवलं होतं. मी दरवर्षी नव्या पोरांना आधी तिथे नेतो. तो मराठी भाग आजच्या मराठीत सांगितला की पोरं गप्प होतात, पळीभर तेल त्यांना लगेच समजतं. आज आपला पगार नि आपल्या लॅबा याच भागातल्या लोकांच्या करातून येतात, फक्त ते कुठे कोरलेलं नाही म्हणून आपण विसरतो.

आता आपल्या विद्यापीठाच्या नावाकडे या. जळगावचं विद्यापीठ १९९० साली पुणे विद्यापीठातून वेगळं झालं, जळगाव, धुळे, नंदुरबार हे त्याचं क्षेत्र, आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव मिळालं. मला त्याचा मनापासून आनंद आहे. पण त्या नावाच्या पोटात एक धडा आहे तो प्रस्ताव लिहिताना समोर ठेवा. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. शेतात नि जात्यावर त्या म्हणायच्या ते घरातल्यांनी, मुलगा सोपानदेवांनी आणि नात्यातल्या एकाने कागदावर उतरवून ठेवलं म्हणून राहिलं. १९५१ ला त्या गेल्या, १९५२ ला पुस्तक आलं. घरात लिहिणारं कोणी नसतं तर वावरातच सगळं विरून गेलं असतं. आज खान्देशात अशा किती बाया असतील ज्यांच्या घरात लिहिणारं कोणी नाही, किंवा आहे पण त्या पोराला शाळेत कधी कोणी सांगितलंच नाही की तुझी आजी म्हणते ते लिहून ठेवण्यासारखं आहे. केंद्राचं काम माझ्या मते एवढंच आहे, ज्या घरात सोपानदेव नाही तिथे सोपानदेव पोचवायचा.

एक प्रसंग सांगतो, माझ्या मनाला लागलेला आहे. सुरुवातीच्या वर्षांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, एका गावी गेलो होतो. तुम्हाला माहितीये, आखाजीला माहेरी आलेल्या लेकी लिंबाच्या झाडाला झोके बांधतात नि गौराईची गाणी म्हणतात, एकीने ओळ सोडायची नि दुसरीने झोक्यावरून झेलायची. तिथली एक म्हातारी माय दोन रात्री मला गाणी सांगत होती, आवाज फाटलेला पण शब्द एकही चुकत नव्हता, मधेच थांबून सुनेला म्हणायची हे तुमच्या गावाला वेगळं म्हणतात. तीन कॅसेट भरल्या. निघताना तिने विचारलं, "भाऊ, मन्ही नातले हाई आयकाले भेटी का?" माझ्या नातीला हे ऐकायला मिळेल का, एवढंच. मी हो म्हणालो. कॅसेट ज्या संस्थेत जमा केल्या तिथे त्या लाकडी कपाटात ठेवल्या गेल्या, भिंतीला ओल होती, बारा-तेरा वर्षांनी कपाट उघडलं तर टेपवर पांढरी बुरशी, दोन कॅसेट तर चालवल्याच जाईनात, तिसरीत अर्धा तास मिळाला. तोवर माय गेली होती. नातीला मी तो अर्धा तास पेनड्राइव्हवर नेऊन दिला. तिने तो ओट्यावर बसून मोबाईलला जोडून ऐकला, मधेच बंद केला, परत लावला, आणि शेवटी विचारलं, बाकीचं कुठेय. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, ज्या दिवशी रेकॉर्ड केलं त्याच आठवड्यात त्याची कॉपी गाणाऱ्याच्या घरी गेली पाहिजे, आर्काइव्हच्या आधी. गावात पाच मोबाईलमध्ये गाणं असेल ना, तर आपल्या कपाटाला आग लागली तरी गाणं उरतं.

टेक्निकल बाजू पटकन सांगतो कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. मोबाईलवर रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपने पाठवलेला ऑडिओ हा जतन नाही, तो दाबून बारीक केलेला असतो. साधा हॅन्ड रेकॉर्डर घ्या, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाईल, स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी होतं, आजच्या हार्डडिस्कच्या मानाने काहीच नाही. गावात फॅन बंद करा, शेगडीपासून लांब बसा, पण कोंबड्याचा नि बांगडीचा आवाज आला तर येऊ द्या, तो त्या गाण्याचाच भाग आहे. प्रत्येक फाईलच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव, गाणाऱ्याचं नाव, तिचं माहेर नि सासर बोलून टाका. माहेर फार महत्त्वाचं, कारण बायकांची गाणी लग्नाबरोबर प्रवास करतात, यावलची ओवी शिरपुरात सापडते ती अशीच. तीन कॉपी ठेवा, दोन वेगळ्या डिस्कवर नि एक दुसऱ्या इमारतीत. आणि जुन्या कॅसेट असतील तर आजच बाहेर काढा. त्या डिजिटल करायला शॉर्टकट नाही, तासाच्या कॅसेटला तासच लागतो. डेकच्या हेडचा स्क्रू हलकासा फिरवून आवाज स्वच्छ येईल तिथे थांबवायचा, हे एकदा कोणाकडून तरी हाताने शिकून घ्या.

परवानगीबद्दल. लोकगीत म्हणजे कोणाचंच नसतं, घ्या नि वापरा, असा समज आपल्याकडे पक्का बसलाय. गाणं परंपरेचं असेल, पण गाण्याची ती कृती त्या बाईची आहे. कॉपीराइट कायद्याच्या ३८ व्या कलमात कलाकाराला स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा हक्क दिलाय. अभ्यासासाठी नि शिकवण्यासाठी रेकॉर्ड करायला पुढच्याच कलमात सूट आहे, पण तेच रेकॉर्डिंग तुम्ही यूट्यूबवर टाकलं किंवा कॉलेजच्या जाहिरातीला लावलं की ती सूट तुमच्या कामी येत नाही. म्हणून परवानगीचा फॉर्म हवा, तो अहिराणीत, पावरीत, भिलीत वाचून दाखवायला हवा, सही येत नसेल तर तोंडी होकार रेकॉर्ड करायचा. त्यात वेगवेगळे प्रश्न हवेत, अभ्यासाला चालेल का, इंटरनेटवर चालेल का, तुमचं नाव लावू का, नंतर मन बदललं तर काढून टाकू. बऱ्याच बाया एखादं गाणं अभ्यासाला देतात पण इंटरनेटवर नको म्हणतात, नणंद-भावजयीचं असतं, गावात कळेल म्हणून. ते पाळायचं.

याबाबतीत मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पाने. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वँ यांनी पुण्यातून सुरू केलेलं ते काम, हजाराहून जास्त गावं नि एक लाखाच्या वर ओव्या, आणि त्यात ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव नि गाव येतं. आता आपल्या लोकसाहित्याच्या पीएचड्या शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, उघडून बघा, शेवटी परिशिष्टात दोनशे गाणी आणि गाणारी कोण तर "एक वृद्ध महिला". मार्गदर्शकाचे आभार पानभर, गाणाऱ्या बाईचं नाव नाही. हे मला सहन होत नाही. तुमच्या केंद्राकडे एकच अधिकार मागून घेता आला तर हा मागा: लोकसाहित्यावरच्या प्रबंधासोबत मूळ ऑडिओ आणि निवेदकांची नावानिशी यादी (त्यांच्या परवानगीने) जमा झाल्याशिवाय व्हायवा नाही. याला पैसा लागत नाही, फक्त एक ठराव लागतो.

तुमच्याकडचा सातपुडा हा अजून वेगळा विषय आहे आणि तिथे जास्त जपून पावलं टाकावी लागतील. काठी गावची राजवाडी होळी बघितली असेलच. त्यात मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं नि भोपळे बांधलेले जे बुध्या नि बावा नाचतात ते त्याआधी काही दिवस पाळणी पाळतात, खाटेवर झोपत नाहीत, घरच्यासारखे राहत नाहीत. तो नाच त्या व्रताचा शेवटचा भाग आहे. मग आपण डिसेंबरात कार्यक्रम ठेवतो, पाहुणे येणार म्हणून गाडी पाठवून त्यांना बोलावतो, दहा मिनिटं नाचा म्हणतो नि हारतुरे देतो. जाणती माणसं मनातून दुखावतात, पोरं मात्र पैसे मिळतात म्हणून येतात, आणि दहा वर्षांत त्या पोरांना वाटायला लागतं की नाच म्हणजे एवढंच. विद्यापीठाच्या कौतुकानेसुद्धा परंपरा झिजते हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून कुठल्याही सादरीकरणाआधी गावच्या जुन्या माणसांना विचारा, हे होळीशिवाय चालतं का, हे बायकांसमोर, परक्यांसमोर चालतं का, हे रेकॉर्ड करायचं का. नाही म्हणाले तर नाही. खान्देशातल्या कानबाई देवीचंही तसंच, श्रावणातल्या त्या रविवारच्या जागरणाला विद्यार्थ्यांना पाहुणे म्हणून न्या, रोटाला बसवा, मांडणी कशी करतात ते बघू द्या, पण कॉलेजच्या हॉलमध्ये खोटी कानबाई मांडू नका.

महोत्सवाला माझा विरोध नाही हेही सांगून ठेवतो. युवा महोत्सवामुळे शहरात वाढलेल्या पोरांच्या हातात पहिल्यांदा डफ, ढोल, पावरी अशी वाद्यं येतात, ते चांगलंच आहे. माझा प्रश्न शिकवतं कोण हा आहे. बहुतेक वेळा कोरिओग्राफर मोठ्या शहरातून येतो, व्हिडिओ बघून नाच बसवतो आणि मानधन घेऊन जातो. तेच मानधन त्याच तालुक्यातल्या डफवाल्या जिभाऊंना द्या, आठवडाभर कॉलेजात राहू द्या, नंबर येईल की नाही ते सोडा. वहीगायन (खान्देशातला लोकगायनाचा प्रकार) म्हणणारे आता ठराविक गावांतच उरलेत, त्यांच्याकडे बसून शिकलेली चार पोरं तयार झाली तर केंद्राने मोठं काम केलं असं मी म्हणेन.

लोककलावंताला नेमता येत नाही, त्याच्याकडे नेट-सेट नाही, असं तुम्हाला ऑफिसात सांगतील. ते आता खरं राहिलेलं नाही. यूजीसीने २०२२ मध्ये प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिसची जी मार्गदर्शक तत्त्वं आणली त्यात पदवीची अट नाही, आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव बघतात, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात, आणि एकूण काळ जास्तीत जास्त चार वर्षं. त्या यादीत इंजिनिअर, उद्योजक, वकील यांच्याबरोबर ललित कलांचाही उल्लेख आहे, म्हणजे वाट उघडी आहे, चालणारा हवा. त्यात मानद नेमणुकीचाही एक प्रकार आहे आणि लोककलावंताचं नाव आलं की प्रशासनाला आधी तोच आठवतो. तो घेऊ नका. ज्याचं घर त्या कलेवर नि मजुरीवर चालतं त्याला मानद पद देऊन तालुक्यावरून स्वतःच्या खर्चाने बोलावणं हा अन्याय आहे, पैसे देता येत नसतील तर बोलावू नका, आपण त्याच्या गावी जावं.

विद्यार्थ्यांचं काम कसं बसवायचं तेही विचारलंय. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आहे, कम्युनिटी एंगेजमेंट आहे, भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आहे, आणि बहुतेक ठिकाणी हे नेटवरून उतरवून जमा केलं जातं. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे दोन क्रेडिटमध्ये ६० तास. एका मुलाने स्वतःच्या गावात, स्वतःच्या घरात ६० तास दिले तर केवढं काम होतं बघा. आजीची दहा गाणी, घरातल्या शेतीच्या अवजारांची नावं, पाऊस ओळखायच्या खुणा, एका सणाचं पूर्ण वर्णन. आणि वही त्याच्या बोलीत लिहायला परवानगी द्या, हे मी अगदी हात जोडून सांगतो. ग्रिअर्सनच्या भाषा सर्वेक्षणात १९०७ सालीच खान्देशीला स्वतंत्र जागा मिळालीय, २०११ च्या जनगणनेत खान्देशी सांगणारे साडेअठरा लाखांवर आहेत, भिली गटात तर एक कोटीच्या वर, आणि तरी आपल्या वर्गात मुलगा आंडोर (मुलगा), आंडेर (मुलगी), तठे (तिथे), आठे (इथे) म्हणाला की बाकीचे हसतात आणि सर ते दुरुस्त करतात. माझ्याकडे एक मुलगी होती, दोन वर्षं वर्गात तोंड उघडलं नव्हतं, तिला म्हटलं आईशी बोलतेस तसंच लिही. तिने घरातल्या दळणकांडणाच्या शब्दांची जी यादी आणली त्यातले निम्मे शब्द मला माहीत नव्हते. त्यानंतर ती वर्गात बोलायला लागली.

नवं सगळं उभारायच्या आधी आसपास काय आहे ते बघा. धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ आहे, राजवाडे गेल्यानंतर लगेच १९२७ साली लोकांनी उभं केलेलं, तिथे कागदपत्रं, हस्तलिखितं, मूर्ती, शिलालेख आहेत. धुळ्यातच शंकर श्रीकृष्ण देवांनी जमवलेलं समर्थ वाग्देवता मंदिरातलं हस्तलिखितांचं भांडार आहे. अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. या संस्था लोकांच्या वर्गणीतून नि दानातून उभ्या राहिल्या आणि आज त्यांना माणसं हवीयत, मोडी वाचणारी, यादी करणारी, कागद नीट हाताळणारी. तुमच्या केंद्राने स्वतःचं संग्रहालय काढण्यापेक्षा वर्षाला दहा मुलं मोडी शिकवून तिथे बसवली तर दोघांचंही भलं होईल. वस्तू तर गावातून उचलूच नका असं माझं मत आहे. जातं, पेटारा, लाकडी गाडा जिथे वापरात आहे तिथेच त्याचा फोटो, माप, नाव, वापर नोंदवा. घरच्यांनी मोडीतच काढायला ठेवलं असेल तेव्हाच आणा आणि देणाऱ्याचं नाव त्यावर लावा.

आता पैसे. कमी असतील तर दोन चांगले रेकॉर्डर, तीन हार्डडिस्क, गाणाऱ्यांचं मानधन आणि एसटीचं भाडं, पहिल्या वर्षाला एवढं पुरतं. यातलं मानधन कधीही कापू नका, मागायची वेळ आली तर रेकॉर्डर उसना मागा. प्रस्तावात सल्लागार समिती मागतात, त्यात निम्मी माणसं गावची घाला, किमान दोन बाया हव्यात, आणि समितीची बैठक वर्षातून एकदा तरी कॉलेजबाहेर, गावात घ्या. दरवर्षी एक दिवस ठेवा, ज्या गावात रेकॉर्ड केलं त्याच गावच्या चौकात तेच सगळ्यांना ऐकवायचं, भाषण नाही, प्रमुख पाहुणे नाहीत, फक्त स्पीकर. लोक चुका सांगतात, ही ओळ अशी नाही, ती अमक्या आळीची आहे, ते सगळं लिहून घ्यायचं. माझ्या संग्रहातल्या सगळ्यात चांगल्या दुरुस्त्या अशाच आल्यात.

आणि सर, पहिल्या भेटीला रेकॉर्डर नेऊच नका. जा, ओट्यावर बसा, चहा घ्या, कोणाच्या घरचं कोण ते समजून घ्या, तुमचं गाव कोणतं नि तुमची आजी काय म्हणायची ते तुम्ही सांगा. दुसऱ्या भेटीला त्याच स्वतःहून विचारतील, ते मशीन आणलं का.